तोंड पूर्ण उघडत नाही – सुपारी आणि सबम्युकस फायब्रोसिस, अनुभव हवे आहेत

स्नेहल_ठाणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा दीर, वय २६, पुण्यात रात्रपाळीची नोकरी. अक्कलदाढ ठणकते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेला, तर आत आरसा घालायलाच जागा होईना. डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. गाडी दीड बोटावर अडली. गालाला आतून बोट लावलं की उभ्या दोऱ्या हाताला लागतात, आणि आतली त्वचा पांढुरकी पडलीय. निदान: ओरल सबम्युकस फायब्रोसिस.

तो म्हणतो, "मी तंबाखूला शिवत नाही." आणि हे खरं आहे. पण कॉलेजच्या हॉस्टेलपासून ती गोड सुगंधी सुपारीची पुडी खिशात असते. शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून एक संपली की दुसरी. गेलं वर्षभर तो ठेचा, लोणचं, रस्सा सगळं टाळत होता, तोंड भाजतं म्हणायचा. सासूबाईंच्या मते माझी भाजी तिखट होते. असो.

तर तंबाखू नसताना नुसत्या सुपारीने असं होतं का? तोंड पुन्हा पहिल्यासारखं उघडेल का? एक डॉक्टर गालात इंजेक्शनं देऊ म्हणाले, दुसरे म्हणाले थेट ऑपरेशन. कॅन्सर हा शब्द दोघांनीही उच्चारला, पण इतक्या घाईत की आम्हाला विचारायचं सुचलंच नाही. कुणाच्या घरात हे झालं असेल तर कृपया लिहा.

मिश्कील

धागा वाचता वाचता तीन बोटं घालून पाहिली. ऑफिसात. शेजारच्या मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "उलटी होतेय का?"

बोटं गेली. इज्जतही गेली.

पुणेरी_काका

आमचे आजोबा नव्वदी पार करेपर्यंत रोज दोन्ही वेळच्या जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी कातरून खात. कवळी नव्हती, आवाज खणखणीत, आणि तोंड एवढं उघडायचं की आम्ही नातवंडं घाबरून पळायचो. हल्ली प्रत्येक गोष्टीला एक आजार चिकटवायची फॅशन आहे. पुडीत काय रसायनं घालतात ते बघा, सुपारीला बदनाम करू नका.

कोकणकडा

काकांना +१००. आमची श्रीवर्धनकडे बाग आहे. रोठा सुपारी नाव ऐकलं असेल. चार पिढ्या सोलतायत, वाळवतायत, खातायत. गणपतीपुढे ठेवायची तीच, पाहुण्याच्या हातावर ठेवायची तीच.

दाढदुखी

स्नेहलताई, मी मुख-शल्यचिकित्सक आहे, जिल्ह्याच्या गावी दवाखाना चालवतो. आठवड्यात एकही असा पेशंट आला नाही, असं होत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण "नुसती सुपारी" हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं.

उत्तर: हो, नुसत्या सुपारीने होतं. सबम्युकस फायब्रोसिसचं मुख्य कारण सुपारीच आहे. तंबाखूने कॅन्सरचा धोका आणखी वाढतो, पण तोंड आखडवण्याचं काम सुपारीचं.

सुपारीचा खरखरीत चुरा गालाला दिवसभर घासतो, वर त्यातली द्रव्यं आत झिरपतात. गालाच्या अस्तराला सतत बारीक इजा आणि सूज. इजा झाली की शरीर दुरुस्तीला माणसं पाठवणारच. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजन हे प्रथिन तयार करून जागा भरतात. नेहमीच्या जखमेत भरणं झालं की हे काम थांबतं, जास्तीचं कोलॅजन विरघळवणारी एन्झाइम्स येतात आणि त्वचा पुन्हा मऊ होते. इथे तसं होत नाही. भिंत भरून झाली तरी गवंडी घरी जायला तयार नाही, थापतोच आहे, आणि आदल्या दिवशीचं खरवडणाऱ्यालाही त्याने कामावरून काढून टाकलंय.

हे का, तर सुपारीतलं अरेकोलीन हे द्रव्य त्या फायब्रोब्लास्टना चेतवतं. सुपारीत तांबं भरपूर असतं. तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम जोर धरतं आणि ते कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी घट्ट बांधतं. वर सुपारीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, त्या धाग्यांना अशी चिवट करतात की ते विरघळवणाऱ्या एन्झाइमना दाद देत नाहीत. म्हणजे बनतं जास्त, बांधलं जातं घट्ट, मोडतं कमी. अस्तर पातळ आणि पांढरं पडतं, रक्तपुरवठा घटतो, खालचे स्नायूही हळूहळू निकामी होतात. तुमच्या दिराच्या गालात बोटाला लागल्या त्या दोऱ्या म्हणजे हेच साठलेलं कोलॅजन.

तिखट झोंबणं ही बहुतेकांची पहिली तक्रार असते. तोंड कमी उघडणं नंतर येतं. मधल्या काळात माणूस भाजीला दोष देत राहतो. तुमची भाजी निर्दोष आहे, सासूबाईंना हा प्रतिसाद दाखवा.

उपचारांवर रात्री लिहितो, ओपीडी आहे.

स्नेहल_ठाणे

प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय. :)

पण डॉक्टर, मग काकांच्या आजोबांना का नाही झालं?

दाढदुखी

खाणाऱ्या प्रत्येकाला होत नाही. शरीराची घडण वेगळी, आहार वेगळा. पण मोठा फरक खाण्याच्या पद्धतीत आहे. आजोबा जेवणानंतर एक खांड चघळून चूळ भरत असणार. पुडीत वाळलेल्या सुपारीचा चुरा असतो, पानातल्या सुपारीपेक्षा वजनाने कितीतरी जास्त, आणि तो तासन् तास एकाच गालात धरून ठेवतात. विड्यात निदान नागवेलीचं पान असतं, त्यात काही चांगली द्रव्यं असतात. पानमसाला-गुटखा खाणाऱ्यांना हा आजार पान खाणाऱ्यांपेक्षा कमी वर्षांत गाठतो, हे आपल्याकडच्या अभ्यासांत स्पष्ट दिसलंय. म्हणूनच माझ्या खुर्चीत आजोबा कमी आणि नातू जास्त येतात.

झाडीपट्टी

आमच्याकडं या, मग दाखवतो. गडचिरोलीत आहे मी, शिक्षक. इथं पुडी नाही, खर्रा चालतो. टपरीवर सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना पन्नीत (प्लॅस्टिकच्या कागदात) घेतात अन् पाट्यावर घोटत बसतात. चुना मुरून त्याला ओल सुटली, पन्नी आतून पिवळी झाली, की झाला खर्रा. लग्नात, तेरवीत, मीटिंगमध्ये पन्नी फिरते. बायाही खातात. रोवणीला मजूर पाहिजे तर मजुरीसोबत खर्रा द्या लागते, नाही दिला तर दुसऱ्याच्या बांधीत जातात.

माझ्या वर्गात सातवीच्या पोराला मोठ्यानं कविता म्हण म्हटलं, तर शब्द नाकातून येतात. शिट्टी वाजवता येत नाही त्याला. फुगा फुगवता येत नाही. आम्ही समजलो लाजते. डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेच्या मुक्तिपथ अभियानाचे कार्यकर्ते गावात येतात, २०१६ पासून दारू-तंबाखूवर काम सुरू आहे त्यांचं. त्यातल्या एकानं बॅटरी पेटवून तोंडात पाहिलं तेव्हा कळलं.

मिश्कील

मास्तर, हे वाचून विनोद सुचेना.

दाढदुखी

@झाडीपट्टी, अगदी बरोबर ओळखलंत. मऊ टाळू ताठ झाली की आवाज नाकातून येतो, पडजीभ आखडून खुंट उरतो. गाल फुगत नाहीत म्हणून शिट्टी, फुगा, चूळ सगळं अडतं. काहींना कानात दडा बसतो, कारण कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूलाच जोडलेले असतात. मग तो पेशंट कानाच्या डॉक्टरकडे थेंब घालत फिरतो.

कोकणकडा

डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून विचारतो. त्या पुडीत काथ, चुना, सॅकरिन, अत्तरं, मेन्थॉल, काय नाही? तरी आरोपी एकटी सुपारी? मग आमच्यासारख्या बागायतदारांनी झाडं तोडायची का?

दाढदुखी

झाडं तोडा म्हणत नाही. पण आरोपपत्र नीट वाचू. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेल्या पदार्थांत. तंबाखूशिवायचं पानही त्याच गटात. तैवानमध्ये लोक सुपारी खातात ती बहुतेक तंबाखूविना, ओली हिरवी. चीनच्या हुनान प्रांतात सालासकट वाळवलेली सुपारी चघळतात, तिथेही तंबाखू नाही. दोन्हीकडे हाच आजार आहे. आपली पुडी तिथे नाही, सुपारी आहे.

अनिवासी_लेस्टर

दाढदुखी यांना दुजोरा. इथे लेस्टरमध्ये आपल्या देशी दुकानांत काउंटरवर चॉकलेटच्या शेजारी सुगंधी सुपारीच्या पुड्या लटकलेल्या असतात. इथल्या डेंटिस्टना हा आजार आता पाठ आहे, त्यांच्या फॉर्मवर पान-सुपारीचा रकानाच असतो.

माझी आई नैरोबीची. त्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे: आधुनिक वैद्यकात या आजाराची पहिली नोंद भारतातली नाही. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या ५ भारतीय बायकांच्या तोंडातली ही अवस्था नोंदवली आणि तिला एक लांबलचक लॅटिन नाव दिलं. 'कारण अज्ञात' असा त्या नावातच कबुलीजबाब होता. सबम्युकस फायब्रोसिस हे नाव पुढच्याच वर्षी, १९५३ला, आपल्याकडच्या डॉ. जोशींनी दिलं. आफ्रिकेत गेलेल्या आपल्या माणसांनी मसाले नेले, देव नेले, सुपारीही नेली.

वैद्य_सुमेधा

१९५२ कशाला? सुश्रुतसंहितेत मुखरोगांमध्ये 'विदारी' वर्णिलेली आहे, अनेकांच्या मते ती हीच. रोज सकाळी तीळतेलाचा गंडूष (तेल तोंडात धरून ठेवणं), हळद आणि तूप यांचं प्रतिसारण (तोंडात आतून चोळणं), हे करून बघा. माझ्या रुग्णांना दाह कमी झाल्याचा स्पष्ट अनुभव आहे.

दाढदुखी

विदारी म्हणजे नेमकं हेच का, यावर दोन मतं आहेत, तो वाद वेगळ्या धाग्यावर घालू. तेलाच्या गुळण्यांना माझा अजिबात विरोध नाही, कोरड्या तोंडाला बरं वाटतं. हळदीतल्या कर्क्युमिनवर चाचण्याही झाल्यात, जळजळ कमी होते. लायकोपिनच्या, म्हणजे टोमॅटोतल्या लाल द्रव्याच्या, गोळ्या आम्हीही देतो. फक्त "तेलाने दोऱ्या विरघळतील" असं पेशंटला सांगू नका एवढीच विनंती. तो सुपारी चालू ठेवून तेल धरतो आणि वर्षभराने माझ्याकडे एका बोटावर येतो.

वैद्य_सुमेधा

सुपारी बंद केल्याशिवाय मी कुणालाच औषध देत नाही. इथे आपलं भांडण नाहीच.

निशिगंधा_र

प्रश्न बावळट वाटेल. माझ्या कानाच्या पाळीला दुसरं छिद्र पाडलं तिथे गोळा वाढत गेला, केलॉइड म्हणाले. काढला तर पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. त्यातही कोलॅजनच जास्त असतं ना? म्हणजे हे दोन्ही एकच का? आणि माझ्या सासऱ्यांची मधुमेहामुळे पायाची जखम भरतच नाही, ते मग उलटं?

दाढदुखी

बावळट कसला, परीक्षेत विचारतात. केलॉइड हे सबम्युकस फायब्रोसिसचं चुलत भावंड म्हणा. दोन्हीत भरणं थांबत नाही, दोन्हीत कोलॅजन साठतं. केलॉइड एकदाच झालेल्या जखमेवर वाढतं, तिची हद्द ओलांडून. गालात जखम रोज नव्याने होत असते. नुसतं कापून काढलं तर दोन्ही परत येतात, म्हणून केलॉइड कापताना सोबत इंजेक्शन किंवा रेडिएशन देतात. त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय परत कापू नका.

सासऱ्यांचं प्रकरण दुसऱ्या टोकाचं. तिथे सूज रेंगाळते, रक्त पोचत नाही, पायाला संवेदना नसते आणि भरणीचं काम सुरूच होत नाही. त्यांना मधुमेही पायाच्या क्लिनिकमध्ये नेताय ना? घरच्या ड्रेसिंगवर राहू नका.

वकील_पण_बरा

कायद्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून आलो. महाराष्ट्राने गुटखाबंदी पहिल्यांदा २००२ साली केली. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २००४ साली निकाल आला की ज्या कलमाखाली बंदी आणली, त्याखाली राज्याला असा अधिकार नाही. बंदी गेली. मग २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत एक वाक्य आलं: कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही. त्याच्या आधारावर २०१२च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाने आणि जुलैत आपण बंदी आणली. गोव्याने त्याआधीच, २००५ साली, स्वतःच्या राज्याच्या कायद्याने बंदी आणली होती. आपली बंदी एका वर्षाची असते, दरवर्षी नवी अधिसूचना निघते.

व्यापाऱ्याचं डोकं बघा: नियम तंबाखू मिसळायला बंदी करतो ना, मग मिसळू नका. बिनतंबाखूचा मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, टपरीवाला दोन्ही एकदम देतो. मिसळायचं काम गिऱ्हाईकाच्या तळहातावर.

मिश्कील

डू इट युअरसेल्फ किट.

झाडीपट्टी

महाराष्ट्रात पानमसाल्यावरही बंदी आहे म्हणतात. आमच्या चौकात येऊन सांगा टपरीवाल्याला, तो तुमाले खर्रा घोटून देईल.

पुणेरी_काका

बंदीने काही होत नाही हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

वकील_पण_बरा

पहिल्यापासून तुम्ही म्हणत होतात की सुपारीने काही होत नाही. मुद्दा कोणता धरू?

उघड_दार

खास या धाग्यासाठी लॉगिन केलं. वय ३४, मराठवाड्यातला. मावा (सुपारी, तंबाखू, चुना यांचा) खायचो. माझं तोंड एका बोटाचं झालं होतं, ऑपरेशन झालंय. स्नेहलताईंच्या दिरासाठी लिहितो, म्हणजे कुणी नुसतं "ऑपरेशन करून टाका" म्हटलं की काय काय असतं ते कळेल.

आधी खाण्याचं. पोळी दुधात कुस्करून. भजं चार तुकड्यांत. पाणीपुरी तर विसराच, पुरी तोंडाबाहेरच फोडून पाणी वाटीत घ्यायचं आणि पुरी चमच्याने. मित्र हसायचे, मीही हसायचो, अर्थात तोंड मिटून. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर सारखा "मोकळं हसा साहेब" म्हणायचा.

इंजेक्शनंही घेतली होती गालात. स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेज (कडक जागा सैल करणारं एन्झाइम). सुई शिरताना कडक जागी करकरल्याचं जाणवतं. थोडा फरक पडला. पण मी मावा सोडला नव्हता, डॉक्टरांना सोडला सांगितलं होतं. फरक टिकला नाही.

ऑपरेशनला भूल देण्यापासूनच पंचाईत. तोंडच उघडत नाही तर श्वासाची नळी घालणार कुठून? जागेपणीच नाकातून कॅमेऱ्याची नळी घातली, तो अनुभव कुणाला येऊ नये. मग दोन्ही गालांतल्या दोऱ्या कापल्या, जबड्याच्या हाडाचं एक टोक काढलं, अक्कलदाढा काढल्या. कापलेली जागा उघडी ठेवली तर तिथे पुन्हा तेच साठतं, म्हणून नाकाच्या बाजूला, गालावर जी घडी असते तिथली कातडी आत फिरवून शिवली. आता गंमत ऐका. ती दाढी येते तिथली कातडी. त्यामुळे माझ्या गालाच्या आत केस उगवायचे! जेवताना जिभेला टोचायचे. डॉक्टर चिमट्याने उपटायचे, पुढे कमी होत गेले. काही जणांना गालातल्या चरबीचा गोळाच सरकवून लावतात, त्यांना ही भानगड नाही.

खरं काम नंतरचं. आइस्क्रीमच्या काड्या. एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या, रोज जमेल तशी एक जास्त. डोळ्यांतून पाणी येतं. टाके ओले असताना सुरू करायचं आणि महिनोन् महिने चालू ठेवायचं. आमच्याच वॉर्डातला एक जण दुखतं म्हणून घरी जाऊन स्वस्थ बसला, तो तपासणीला आला तेव्हा पुन्हा दीड बोटावर. माझी तीन जातात, तिसरं जरा घासून.

स्नेहल_ठाणे

उघड_दार, काय बोलू. दिराला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने केसांचा परिच्छेद दोनदा वाचला.

मिश्कील

@उघड_दार, सदस्यनामासाठी सलाम. 'तोंडात तीळ भिजत नाही' ही म्हण ऐकली होती, 'तोंडात केस उगवतात' ही नवीन.

दाढदुखी

उघड_दार यांनी माझं अर्धं काम केलं, यापेक्षा नेमकं मलाही लिहिता आलं नसतं. आता राहिलेलं.

निरोगी मोठ्या माणसाचं तोंड वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. दीड बोट म्हणजे अंदाजे २५ मिलिमीटर धरा. अशा मधल्या टप्प्यावर बहुतेक जण आधी सुपारी बंद, इंजेक्शनं, गोळ्या आणि व्यायाम याच मार्गाने जातात. ऑपरेशन सहसा त्याहून आखडलेल्या तोंडासाठी राखून ठेवतात. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं, पण मी गाल पाहिलेला नाही. काड्या दोन्ही मार्गांत आहेतच.

पहिल्यासारखं उघडेल का? साठलेलं बरंचसं तिथेच राहतं. सुपारी सुटली की वाढणं बहुधा थांबतं, जळजळ कमी होते, व्यायामाने काही मिलिमीटर मिळतात आणि ते मिलिमीटर घास घेताना फार मोलाचे असतात. रक्त कमी असेल तर लोह आणि ब जीवनसत्त्वंही तपासून घ्या.

कॅन्सरचं घाईत कुणी सांगू नये. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं होतं, त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. १९८५ साली ते प्रसिद्ध झालं. बाकीच्यांना त्या काळात झाला नाही, हेही खरं. पण तोंड आखडलेलं असल्यामुळे आतली जखम पेशंटला आरशात दिसत नाही आणि आम्हालाही नीट दिसत नाही. त्यामुळे पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, कडक गाठ, यांतलं काहीही असलं तर लगेच तुकडा काढून तपासायचा.

स्नेहल_ठाणे

थोडं अपडेट देते. उजव्या गालात मागे एक चट्टा होता. बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये फायब्रोसिस आहे, पण पेशींत कॅन्सरच्या दिशेने बदल नाहीत. इंजेक्शनं सुरू केली आहेत. घरात आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा आलाय, माझी मुलगी त्यांची घरं बांधते म्हणून तिच्यासाठी वेगळा आणावा लागला.

आता खरी अडचण सुपारीची. तंबाखू नाही तर सोडायला काय लागतं, असं आम्हाला वाटलं होतं. पण त्याला रात्री घाम येतो, चिडचिड करतो, डोकं धरून बसतो. काहीतरी चघळायला हवंच म्हणतो. आवळा सुपारी दिली तर आंबट झोंबतं.

दाढदुखी

हे ढोंग नाही हे घरच्यांना सांगा. निकोटीन मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर काम करतं, त्यांतल्या काहींवर अरेकोलीनही काम करतं. व्यसन लागतं, सुटताना त्रास होतो. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे बोलताना सुपारीचंही मोकळेपणाने सांगायला सांगा.

उघड_दार

मला भाजलेली बडीशेप आणि जवस जमलं, मीठ न लावलेलं. लवंग-वेलची पहिल्या दिवसांत नको, झोंबते. आणि रात्रपाळी असेल तर टपरीवर जाणारा चहाचा ग्रुप बदला. मला चहा सोडणं सोपं गेलं, ते टोळकं सोडणं अवघड.

आज्जीची_नात

हॉटेलात बिलासोबत रंगीत मुखवास देतात त्यात सुपारी असते का? आमची चार वर्षांची मुठी भरभरून खाते.

दाढदुखी

पुष्कळदा असते, बारीक आणि गोड करून, त्यामुळे ओळखू येत नाही. विकतच्या पाकिटावर घटक वाचा. तिला बडीशेप-खडीसाखर द्या.

पुणेरी_काका

माझी जेवणानंतरची एक खांड चालू आहे आणि राहील. यावर चर्चा नको.

दाढदुखी

चर्चा नाही. काका, तीन बोटं?

पुणेरी_काका

जातात. चौथं घालून दाखवू का?

मिश्कील

काका, आधी शेजारी कोण बसलंय ते बघा.

कोकणकडा

वाद घालायला आलो होतो, वाचत बसलो. एक व्यवहाराचं सांगतो. आमच्या भागात बरेच जण सुपारीच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात, मध्ये जायफळ लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आंतरपिकांची माहिती आणि रोपं दोन्ही मिळतात. झाडं न तोडता सुपारीवरचा भार थोडा हलका होतो. मी पुढच्या पावसात अर्ध्या बागेत मिरी लावतोय.

झाडीपट्टी

आमच्याकडं मिरी येईल का हो? पाणी आहे, पण ऊन फार.

कोकणकडा

सावली दाट लागेल, हवेत दमटपणा लागेल. तुमच्या उन्हात अवघड आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.